पर्सेफनीची आई

गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसातल्या एका मुलीनं बाळाचा फोटो सगळ्यांना फिरवून दाखवला. गुलाबी टोपी, घट्ट मिटलेल्या मुठी, जगावर आत्तापासूनच नाराज असल्यासारखा चेहरा. मी विचारलं, "नाव काय ठेवलंस?" ती म्हणाली, "पर्सेफनी."

झालं. बाकी सगळ्या 'सो प्रिटी, सो प्रिटी' करत होत्या आणि मी, एरवी जिच्या जिभेला हाड नाही अशी बाई, "छान आहे" एवढंसुद्धा म्हणू शकले नाही. इकडे आता असली जुनी ग्रीक नावं ठेवायची टूम आलीय म्हणे. माझ्यासाठी ते नाव नवं नव्हतं. आमच्या शेजारच्याच घरातलं होतं ते. आणि गंमत अशी, की जिनं ते ठेवलं तीच ते कधी उच्चारत नसे.

शेजारचं घर म्हणजे डॉ. कुमुद पाठक यांचं, आम्हा सगळ्यांच्या मावशींचं. अमेरिकेतल्या पार्सिपनीत आमच्या दोघींच्या घरांची एक भिंत सामाईक. मी पुण्याहून इथे आले तेव्हा मावशी नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. मूळच्या नागपूरच्या. इथल्या हॉस्पिटलात जन्मभर बाळंतपणं केली. ठेंगण्या, गोऱ्या, केस पुरुषासारखे आखूड कापलेले, आणि आवाज असा की ड्राइव्हवेमध्ये बोलल्या तर आमच्या वरच्या मजल्यावर ऐकू यावं. पहिल्याच दिवशी मी खोकी उतरवत होते तर कुंपणापलीकडून आवाज आला, "काय करून राहिलीस गं? त्या पाठीचं वाटोळं होईल. गुडघ्यात वाक, गुडघ्यात!" ना ओळख, ना पाळख. मी पुण्याची, मला राग आला. पण वाकले गुडघ्यात.

नवऱ्याचं, मधुकरकाकांचं, नाव त्यांनी कधी लावलं नाही. माहेरचंच पाठक ठेवलं. "मला काय धाड भरली होती नाव बदलायला?" असं विचारायच्या. काका मी येण्याआधीच गेले. मागे एक मुलगी. मावशी तिला 'पोरगी' म्हणायच्या. पोरगी आज येणार, पोरीला गोळाभात आवडतो, पोरीनं फोन उचलला नाही. मला वाटलं, असेल नागपुरी लाड. वर्षभरानं मी त्या मुलीला प्रत्यक्ष भेटले. उंच, हसरी, शाळेत गणित शिकवणारी. हात पुढे करून म्हणाली, "हाय अनघाताई, आय ॲम पर्सेफनी." मावशी पोळ्या लाटत होत्या. नाव कानावर पडताच लाटणं थांबलं आणि मग पुन्हा चालू झालं.

दुसरी गोष्ट डाळिंबाची. आमच्याकडे पॉटलक होतं, प्रत्येकीनं एकेक पदार्थ करायचा, मी मोठ्या हौसेनं दहीभात केला आणि वरून डाळिंबाचे दाणे पेरले. मावशी आल्या, त्यांनी भात पाहिला, पातेलं उचललं आणि सरळ मागच्या दारानं बाहेर गेल्या. मी मागोमाग. बघते तर मावशी चमच्यानं एकेक दाणा वेचून झुडपात टाकतायत!

"मावशी, अहो काय हे? ॲलर्जी आहे का?"

"पोरगी आलीय आत," त्या म्हणाल्या. "तिच्यासमोर नको."

शेकडो बाळंतपणं केलेली, मांजर आडवं गेलं तर मांजराचीच चौकशी करणारी, ग्रहण लागलं तर मुद्दाम आमच्या गरोदर मैत्रिणीला भाजी चिरायला बसवणारी बाई. डाळिंबाला घाबरते? मी खूप हसले. त्या हसल्या नाहीत.

त्यांचा दरारा कसा होता ते सांगते. इथल्या मराठी मंडळातल्या एका लग्नात लक्ष्मीपूजन चाललं होतं. आपल्याकडची रीत माहीत आहेच: ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो. मुलीचं नाव चांगलं 'मनाली', मुलानं लिहिलं 'राधिका'. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मुलीचा चेहरा उतरला होता, पण बोलणार कोण? मावशी उठल्या, ताटापाशी गेल्या आणि तळहातानं तांदूळ सपाट करून टाकले. "तिच्या नावाला काय झालंय? बाळंतपणात कळा देताना हिला राधिका म्हणून हाक मारली तर ओ देणार आहे का ही?" सासूबाई लाल. गुरुजींनी घाईघाईनं पुढचा मंत्र सुरू केला. ती मुलगी आजतागायत मनाली आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच बाईनं जे केलं ते पाहून मी तोंडात बोट घातलं.

नावाची हकिगत मला कळली ती एका डायनरमध्ये. हायवेवर एका ग्रीक म्हाताऱ्याचं डायनर आहे, यानी त्याचं नाव. मावशी त्याच्याकडे ऑम्लेट खायला नेहमी जायच्या, पण त्या दिवशी कळलं की ऑम्लेट हे निमित्त होतं. यानी बिल घेऊन आला तेव्हा त्यांनी त्याला परत एकदा, बहुतेक शंभराव्यांदा, विचारलं, "तुझ्या आजीचं नाव माझ्या पोरीचंच होतं ना? चांगली जगली ना ती?"

"चांगली म्हणजे?" यानी खुशीत म्हणाला. "म्हातारी होऊन गेली. तीन नवरे पुरले तिनं."

तो गेल्यावर मावशी कॉफी ढवळत बसल्या. साखर न घालताच ढवळत होत्या. मग म्हणाल्या, "दर वेळी वाटतं, हा नवरे सांगणार नाही. दर वेळी सांगतो."

मी म्हटलं, मावशी, आता सांगाच काय भानगड आहे. तर त्यांनी सांगितली.

रेसिडेन्सी चालू, पोटुशी, घराबाहेर कंबरभर बर्फ. नागपूरला आई एकटी. ती लेकीवर इतकी रागावलेली की पत्रालाही उत्तर देईना. मावशी लायब्ररीत ऊब घ्यायला जाऊन बसायच्या. तिथे मुलांच्या पुस्तकात त्यांना ही गोष्ट सापडली. धान्याची देवी आहे, तिची एकुलती एक मुलगी फुलं तोडत असताना जमीन फाटते आणि पाताळाचा राजा तिला खाली घेऊन जातो. आई वेडीपिशी होते, शेतं सुकवून टाकते, जगात काही उगवेनासं होतं. शेवटी देव मुलीला सोडायला लावतात. पण तोवर मुलीनं तिथल्या डाळिंबाचे दाणे खाल्लेले असतात. तिथलं अन्न खाल्लं की तिथलं व्हायचं. म्हणून ती दर वर्षी काही महिने वर येते आणि काही महिने खाली जाते. ती खाली गेली की हिवाळा.

"मला काय वाटलं, अनघा, ही माझीच गोष्ट आहे. मी ती मुलगी. इकडे आले, इथलं खाल्लं, आता परत जाणं नाही. आणि आई तिकडे बसलीय जग सुकवत. मी इतकी रडले त्या लायब्ररीत! ठरवलं, मुलगी झाली तर गोष्टीतल्या त्या मुलीचंच नाव."

"मग?"

"मग काय. बारसं केलं. पाळणा कुठला, लाँड्री बास्केट होती. आत्या नागपूरला. कानात नाव कोण सांगणार? मीच वाकले आणि मीच कुर्र केलं. आईनं सांगायचं नसतं गं. आत्यानं सांगायचं, आणि बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे. उगाच नाही ती रीत. नाव ठेवणं ही लहान गोष्ट नाही, त्याची शिक्षा तिथल्या तिथे हसत हसत भोगून टाकायची. माझ्या पाठीत कुणी घातलेच नाहीत. ते आता पडून राहिले आहेत."

अर्थ त्यांनी नंतर शोधला. एक अर्थ, लोकांच्या तोंडी असलेला: विनाश आणणारी. दुसरा पंडितांचा: कणसं झोडपणारी, मळणी करणारी. आपल्या संस्कृतातला 'हन्' धातू आहे ना, मारणे, त्याच घराण्यातला शब्द त्या नावात आहे म्हणे. मी आपली समजूत घालायला गेले, "मग दुसरा अर्थ धरा की मावशी. मळणी म्हणजे सुगी. किती छान!"

"कणसाला विचार, दोन्हीत काय फरक आहे ते."

आणि पुढे म्हणाल्या, "ते लोक स्वतः तिचं नाव घ्यायचे नाहीत, माहीत आहे? नुसतं 'कोरे' म्हणायचे. कोरे म्हणजे पोरगी. आपण नाही का सापाला जनावर म्हणत, अंगावर फोड यायचे त्याला देवी म्हणत? नाव घेतलं की येतं. मी हे वाचलं तेव्हा पोरगी कॉलेजात होती आणि पहिल्यांदा खाली गेली होती."

'खाली गेली' हा त्यांचा शब्द. डॉक्टरी शब्द त्यांना ठाऊक होता, माझ्याहून चांगला. दर वर्षी पानं पिवळी पडायला लागली की ती मुलगी हळूहळू मिटायची. आधी फोन कमी व्हायचे, मग खाणं, मग अंघोळ. औषधं झाली, थेरपिस्ट झाले, टेबलावर उजेडाचा मोठा दिवा झाला. मावशींनी काही म्हणून बाकी ठेवलं नव्हतं. कधी उतार पडायचा, कधी नाही. दुकानांत लाल भोपळे मांडले की मावशींच्या चेहऱ्यावर सावट यायचं. मला ते भोपळे आवडायचे. मावशींमुळे आवडेनासे झाले. मग डबे सुरू व्हायचे. गोळाभात, कढी, थालीपीठ. मावशी गाडी काढून जर्सी सिटीला जायच्या, पोरीच्या दारात डबा ठेवायच्या, कालचा न उघडलेला डबा परत आणायच्या. मी एकदा म्हटलं, "मावशी, रोज कशाला? ती खात नाही ना." तर म्हणाल्या, "खात नाही हे मला कसं कळेल, नेलाच नाही तर?"

आणि मार्चमध्ये कधीतरी, बर्फातून क्रोकसच्या फुलांची जांभळी टोकं वर आली की फोन वाजायचा. भिंतीपलीकडून मला मावशींची आरोळी ऐकू यायची, "आली! अनघा, आली गं बाई!" फोनवर पोरगी एकच वाक्य बोललेली असायची: "आई, आय ॲम हंग्री." मग काय! अख्ख्या गल्लीला वड्यांचा वास.

पण दर खेपेला ती थोडी उशिरा वर यायची. हे मावशी बोलल्या नाहीत. मला दिसत होतं, त्यांना तर दिसतच होतं.

मग रोहन आला. पार पश्चिम किनाऱ्यावरच्या सनीव्हेलचा, तिथेच वाढलेला मराठी मुलगा, शांत, चिप डिझाइनमधला. पोरीसाठी नोकरी बदलून इकडे आला, तिथेच माझ्या मनात भरला. त्याला सगळं माहीत होतं. लग्न ठरलं. मावशी आनंदल्या आणि त्याच क्षणी घाबरल्या. कारण पोरीनं तारीख धरली ऑक्टोबरची. "तेव्हा पानं सगळ्यात सुंदर असतात, आई." आणि घर घेतलं भाड्याचं, ते रस्त्यापासून चार पायऱ्या खाली उतरून. इकडे त्याला गार्डन लेव्हल म्हणतात, म्हणजे तळघराला दिलेलं गोंडस नाव. मावशी घर बघून आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात मटकन बसल्या. "खालचं घर घेतलं गं त्यांनी. बाप्पा, खालचंच मिळालं का यांना?"

लग्नाआधी रोहनची आई भेटायला आली. हसतमुख, मोकळी बाई. म्हणाली, "ताई, ते नाव बदलणं वगैरे आम्ही काही करणार नाही हं. तुम्ही निश्चिंत राहा." मी मनात म्हटलं, वा! आता मावशी खूश. तर मावशी म्हणाल्या, "नाही. करायचं."

मला वाटलं माझे कान वाजले.

"तुम्ही सोडलं असेल. मला हवंय. रोहनला सांगा, तांदळात 'सुमन' लिही म्हणावं. माझ्या आईचं नाव आहे." आणि मग त्या बाईनं, जिनं भर मांडवात दुसऱ्यांचं ताट मोडलं होतं, समोरच्या बाईचे दोन्ही हात धरले. "मी पाया पडते तुमच्या. एवढं करा. ही एकच रीत आहे आपल्याकडे, जिच्यात पोरीचं नाव पुसता येतं."

रोहनची आई गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेर बघितलं. मला रडू येत होतं आणि कुणावर तरी प्रचंड राग येत होता, कुणावर ते कळेना.

लग्नाच्या दिवशी हॉलबाहेरची झाडं पेटल्यासारखी लालभडक झाली होती. लक्ष्मीपूजनाला ताट आलं. रोहननं बिचाऱ्यानं 'सुमन' लिहायची प्रॅक्टिस केली होती, मराठी अक्षरांशी त्याचं फारसं जमत नसे. त्यानं 'सु' काढला. पोरीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. हसली. त्याच्या हातातली अंगठी घेतली, तांदूळ सारखे केले आणि स्वतः सावकाश लिहिलं: पर्सेफनी. रफारासकट, अगदी वळणदार. मावशींनीच शिकवलं होतं लहानपणी.

गुरुजी म्हणाले, "आता कुणीतरी नाव मोठ्यानं घ्या."

"आई, तू घे ना," पोरगी म्हणाली. मावशींचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. तो एवढा ड्राइव्हवे गाजवणारा आवाज! पोरगी वाकली आणि आईच्या कानाशी म्हणाली, मी शेजारीच उभी होते म्हणून मला ऐकू आलं, "आई, यू ऑलवेज फर्गेट. शी इज द क्वीन डाउन देअर." तिथे ती राणी असते. तू नेहमी विसरतेस.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाव रोहनच्या आईनं घेतलं. मावशी पार्किंगमध्ये एकट्या उभ्या राहिल्या, साडीवर पानं पडत होती, त्या झटकत नव्हत्या. "तिनं आपल्या हातानं लिहिलं गं," एवढंच म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात ती गेली ती खोल गेली. नाताळनंतर रोहनचा फोन आला, "आई, शी इज नॉट इटिंग. डॉक्टर म्हणतात पुन्हा औषध बदलू. आय डोन्ट नो व्हॉट टू डू." मावशी दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी कपड्यांची बॅग घेऊन माझ्या दारात उभ्या. "मला सोडतेस का? गाडी नको मला तिकडे. परत यायची घाई होते गाडी असली की."

वाटेत म्हणाल्या, इंडियन स्टोअरपाशी थांब. परत आल्या तेव्हा हातात डाळिंब होतं. मी ब्रेकवरचा पाय काढायलाच विसरले.

"मावशी?"

"चल तू."

हायवेला लागल्यावर त्यांनी नखांनी ते सोलायला सुरुवात केली. सीटवर डाग पडत होते, पडोत. म्हणाल्या, "मी ती गोष्ट इतकी वाचली, अनघा, इतकी वाचली. त्या आईनं सगळं केलं. रडली, मशाली घेऊन फिरली, देवांशी भांडली, लोकांची पिकं जाळली. एक गोष्ट नाही केली. खाली नाही गेली. पोरगी तिथे आहे हे माहीत असून वरच बसून राहिली, ती कधी येते म्हणून वाट बघत. आणि मीही तेच केलं. दारात डबे ठेवत बसले." त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. चेहरा वाकडा केला. "आंबट आहे." मग दुसरा टाकला, मग तिसरा, जर्सी सिटी येईपर्यंत खात राहिल्या.

पुढचं मला रोहनकडून कळलं. मावशी त्या काळोख्या खोलीत राहिल्या. डबे नाहीत, उपदेश नाही. पोरगी झोपली की शेजारी झोपायच्या, ती भिंतीकडे बघायला लागली की त्याही भिंतीकडे बघायच्या. क्रोकस यायच्या दिवसांत, एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. हार्ट. ॲम्ब्युलन्सला ते पायऱ्यांखालचं दार सापडेना, रस्त्यावरून पुढे निघून गेली. तेव्हा पोरगी अनवाणी, झोपायच्या कपड्यांत, चार पायऱ्या चढून बर्फात आली आणि दोन्ही हात वर करून ओरडत उभी राहिली. पानगळीपासून पहिल्यांदा ती वर आली होती. ती आता बरी आहे. हिवाळे अजून येतात. रोहन आहे, औषध लागू पडलंय. दर मार्चला ती मला फोन करते आणि भूक लागलीय म्हणते, मी गोळाभात करते. मावशींसारखा होत नाही, तसं ती सांगतेही. ती आईचीच मुलगी आहे.

पण मला मावशी आठवतात त्या गाडीतून उतरलेल्या. जानेवारीचं पांढरं ऊन, फुटपाथवर मीठ पसरलेलं. मी बॅग घेऊन उतरणार तर त्यांनी अडवलं. "तू वरच थांब." एका हातात बॅग, दुसरा हात कठड्याला, डाळिंबानं लाल झालेला. एकेक पायरी उतरल्या. दारासमोर उभ्या राहिल्या, बेल होती, ती वाजवली नाही. छाती भरून श्वास घेतला आणि इतकी वर्षं गिळून ठेवलेलं ते नाव त्यांनी आपल्या त्या जुन्या आवाजात, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं, हाक मारून घेतलं.

"पर्सेफनी! दार उघड, मी आलेय."